एकतीस नंबरची नळी

उपासनी सरांनी माझा आलेख टेबलावर पसरला, पेन्सिल घेतली आणि डावीकडून उजवीकडे हातानेच एक रेष ओढली. सुंदर रेष होती. वरून निघाली, हळूहळू उतरली आणि शून्याला अलगद टेकली. कागद हलू नये म्हणून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा दाबून धरला होता.

"सर, तुमच्या अंगठ्याखाली एक बिंदू आहे," मी म्हणाले.

"माहीत आहे," ते म्हणाले. अंगठा तसाच राहिला.

२०१३ चा फेब्रुवारी होता. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत मी पीएच.डी.च्या पाचव्या वर्षाला होते. वणीहून आलेली, घरात पहिली पदवीधर, पहिली एम.एस्सी., आणि सगळं सुरळीत पार पडलं असतं तर पहिली डॉक्टर. उपासनी सरांनी मला घेतलं तेव्हा दोन प्राध्यापकांनी आधीच नाही म्हटलेलं होतं. सर हो म्हणाले, आणि म्हणताना असंही म्हणाले की तुझ्यासारख्या मुलींना संधी मिळायला हवी. 'तुझ्यासारख्या' म्हणजे कशा, ते मी विचारलं नाही. पाच वर्षं ते शब्द मी गिळून बसले होते आणि त्या सकाळी ते पुन्हा घशाशी आले.

तो बिंदू काय होता ते सांगायला हवं, नाहीतर माझा राग कशाचा हे कळणार नाही.

अतिसंवाहक म्हणजे असा पदार्थ, ज्यातून वीज कणभरही न झिजता वाहते. चुंबक हा अतिसंवाहकतेचा वैरी, असं आम्हाला कॉलेजात शिकवलं होतं आणि लोखंड म्हणजे तर चुंबकच. त्यामुळे २००८ साली लोखंडाचे अतिसंवाहक सापडले तेव्हा जगभरचे लोक हातातलं काम सोडून त्यांच्या मागे लागले. आम्हीही लागलो. आमचा पदार्थ बेरियम, लोखंड आणि आर्सेनिकचा. तो नुसता थंड केला, तर लोखंडाचा प्रत्येक अणू, जो एक इवलासा चुंबकच असतो, शिस्तीत उभा राहतो. एका ओळीची तोंडं इकडे, शेजारच्या ओळीची तिकडे. ही शिस्त पक्की असली की अतिसंवाहकता औषधालाही मिळत नाही. आता आर्सेनिकच्या जागी थोडा थोडा फॉस्फरस घालत जायचं. शिस्त ढिली होत जाते, आणि फॉस्फरस तीस टक्क्यांच्या आसपास पोचला की संपते. नेमकी तिथेच अतिसंवाहकता सर्वांत जोरात असते.

प्रश्न एवढाच होता की ती शिस्त संपते कशी. ती विरत विरत शून्याला पोचत असेल, तर त्या टोकाच्या जागी एक विलक्षण गोष्ट घडायला हवी. उष्णता जवळजवळ उरलेली नसतानाही हे इवले चुंबक गप्प बसणार नाहीत. क्वांटमच्या नियमाने आपले आपणच चुळबुळत राहतील. हीच चुळबूळ इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जमवते आणि अतिसंवाहकता आणते, असं सरांचं म्हणणं होतं. त्यावर त्यांचे दोन शोधनिबंध झाले होते, परदेशात एक मोठं व्याख्यान झालं होतं आणि आता तिसरा, सगळ्यांत मोठा निबंध तयार होत होता. त्याला लागणारे स्फटिक माझ्या हातचे होते.

मी चाळीस स्फटिक वाढवले, प्रत्येक काचेच्या एका बंद नळीत, भट्टीत तापवून. नोव्हेंबरात युरोपातल्या एका अणुभट्टीवर आम्हाला सहा दिवस मिळाले. स्फटिकांचं पार्सल पुढे गेलं, मागून मी गेले. तिथे प्रत्येक स्फटिकावर न्यूट्रॉनांचा झोत सोडून चुंबकांची शिस्त मोजली. एकतीस नंबरचा स्फटिक, शिस्त जिथे संपते त्या अगदी काठावरचा होता. सरांच्या रेषेप्रमाणे त्यात शिस्त जेमतेम नावापुरती उरायला हवी होती. ती चांगली ठणठणीत होती. आणि तेहतीस नंबरात, जिथे फॉस्फरस केसभर जास्त, तिथे काहीच नव्हतं. म्हणजे दिवा मंद होत विझत नव्हता. बटण दाबल्यासारखा जात होता. ज्या टोकाच्या जागेवर सरांनी सगळं उभं केलं होतं, त्या जागेला शिस्त पोचतच नव्हती. तिच्या आधीच ती उडी मारून नाहीशी होत होती.

मी ते माप तीनदा घेतलं. तिसऱ्यांदा तेच आलं तेव्हा मला रडू आलं होतं, आनंदाने. एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधत होते. हा पहिला प्रश्न माझा होता.

"एकतीस खराब आहे," सर म्हणाले.

मी म्हटलं, क्ष-किरणांनी पाहिलं तर चाळीसांत तोच सर्वांत चांगला दिसतो. फॉस्फरसचं प्रमाण स्फटिकाच्या पाच जागी मोजलंय, पाचही जागी सारखं आहे. त्यावर ते म्हणाले की अनुभवाने काही गोष्टी कळतात. मग म्हणाले की एका बिंदूवर भौतिकशास्त्र उभं राहत नाही. मी म्हटलं, एका बिंदूवर ते पडतं मात्र. हे मी बोलायला नको होतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, अंगठा उचलला आणि मला जायला सांगितलं.

पुढच्या आठवड्यात निबंधाचा मसुदा आला. माझं नाव पहिलं होतं. आलेखात एकोणचाळीस बिंदू होते.

युरोपातल्या दोन सहलेखकांनी लगेच विचारलं की एकतीस कुठे गेला. मोजताना ते माझ्या शेजारीच उभे होते, त्यांना तो आठवणारच. सरांनी त्यांना काय उत्तर दिलं ते मला पत्राची प्रत आल्यावर कळलं. काचेची नळी नीट बंद झालेली नव्हती, भट्टीत असताना तिच्यात हवा शिरली, स्फटिक दूषित झाला, म्हणून वगळला. तीन ओळींचं पत्र. वाचून माझे कान तापले. पाच वर्षांत मी त्या माणसाला चुकताना पाहिलं होतं, अडताना पाहिलं होतं. धडधडीत खोटं लिहिताना पहिल्यांदाच पाहत होते.

पण खोट्याला एवढ्यावर थांबता येत नाही. नळी गळली म्हटल्यावर ती बंद करणारा कोणीतरी आलाच.

आमच्या संस्थेत काचकामाची एक कार्यशाळा होती आणि तिच्यात एकच माणूस होता, यासीन मुलाणी. मूळचे लोणंदचे. सत्तावीस वर्षं ते आमच्यासाठी क्वार्ट्झच्या, म्हणजे भट्टीत टिकणाऱ्या काचेच्या, नळ्या ज्योतीवर वितळवून बंद करत आले होते. हे काम साधं नाही. आत आर्सेनिक असतं. नळीतली हवा पूर्ण ओढून घ्यायची, मग ज्योत फिरवत फिरवत तिची मान आवळत आणायची आणि नेमक्या क्षणी तोडायची. मान पातळ राहिली तर नळी भट्टीत फुटते आणि विष खोलीभर होतं. यासीनभाई तोडलेलं टोक गार होईपर्यंत कोणाशी बोलत नसत. मग ठिणगीच्या यंत्राने नळी कुठे गळते का ते तपासत, हिऱ्याच्या टोकाने तिच्यावर नंबर आणि तारीख कोरत, आणि मगच ती आमच्या हातात देत. देताना दर वेळी एकच शब्द म्हणत, "सांभाळून." आमची सगळी प्रयोगशाळा धडधाकट होती ती त्या माणसाच्या हातांमुळे, हे आम्हाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बहुधा आम्ही त्याचा कधी विचार केला नाही.

मार्चच्या पहिल्या सोमवारी दुपारी ते भट्टीच्या खोलीत आले. हातात एक कागद होता. सरांनी सहलेखकांना लिहिलेली गोष्ट खरी ठरावी म्हणून कार्यशाळेविरुद्ध रीतसर दोष अहवाल दिला होता. संस्थेला ती कार्यशाळा बंद करून काम बाहेर द्यायचं होतं, त्यावर एक समिती आधीच बसली होती. तिला हा अहवाल आयताच मिळाला.

"मॅडम, इंग्रजी मला सगळं येत नाही," यासीनभाई म्हणाले. "पण नंबर वाचता येतो. ह्यात एकतीस लिहिलंय, अन् माझं नाव लिहिलंय. ती नळी गळली होती का?"

"नाही, यासीनभाई."

"नक्की? माझी चूक असंल तर मी कबूल करीन. मला फक्त खरं काय ते सांगा."

मी त्यांना सांगितलं की नळी गळली असती तर भट्टीच्या तोंडाशी पांढरी पूड साचली असती, लसणासारखा वास सुटला असता, आणि मी इथे उभी राहून तुमच्याशी बोलत नसते. त्यांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरी ते लक्ष देऊन ऐकत होते, जणू दुसऱ्याच कोणाच्या नळीबद्दल ऐकत आहेत.

"समितीनं तुम्हाला बोलावलंय," ते म्हणाले.

"मी सांगते त्यांना."

त्यांनी कागदाची घडी घातली. "मग झालं," म्हणाले आणि गेले.

समिती गुरुवारी सकाळी अकराला बसली. पारसनीस बाई अध्यक्ष होत्या. रसायन विभागातल्या, निवृत्तीला आलेल्या, कामाला चोख आणि वेळेच्या पक्क्या. आणखी दोन सदस्य होते, ते सबंध वेळ आपापल्या फोनमध्ये होते. सर आधीच येऊन बसले होते. यासीनभाई बाहेर बाकावर होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. माझ्यानंतर त्यांना आत बोलावणार होते.

मी तयारीने गेले होते. मोजमापांच्या मूळ फाइली, क्ष-किरणांचे फोटो, पाच जागांचं प्रमाण, सगळं छापून नेलं होतं. तीन रात्री मी मनात तेच बोलत होते आणि दर वेळी ते जास्त धारदार होत होतं.

पारसनीस बाईंनी विचारलं, अहवालाबद्दल काय सांगायचंय. मी बोलायला लागले आणि थांबेना. स्फटिक शुद्ध आहे, हे कागद बघा. तीनदा मोजलंय, हे आकडे बघा. नको असलेला बिंदू खराब ठरवायचा आणि हवे असलेले ठेवायचे, याला संशोधन म्हणत नाहीत. माझ्या नावाने निबंध जाणार आहे आणि माझं सर्वांत महत्त्वाचं माप त्यातून काढून टाकलंय. सरांनी मला आवाज खाली घ्यायला सांगितलं. मी तो वर नेला. मराठीतून इंग्रजीत गेले, कारण मराठीत 'सर' म्हटल्याशिवाय मला भांडता येईना. त्यांच्या आयुष्यभराच्या रेषेसाठी माझा बिंदू बळी जातोय, असं मी म्हटलं. पाच वर्षं मी कृतज्ञ राहावं अशी त्यांची अपेक्षा आहे आणि आज माझी कृतज्ञता संपली, असंही म्हटलं. फोनमधले दोघे आता माझ्याकडे बघत होते.

मला ते सगळं अजून शब्दन् शब्द आठवतं. इतकं मोकळं मी आयुष्यात त्याआधी कधी बोलले नव्हते.

पारसनीस बाईंनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. म्हणाल्या की भौतिकशास्त्राचा निवाडा करायला ही समिती बसलेली नाही, पण हे असंच लेखी वर गेलं तर संस्थेला उत्तर द्यावं लागेल. मग त्या सरांकडे बघत राहिल्या.

सरांनी समोरचे कागद सरळ करून ठेवले. शेवटी मराठीत म्हणाले, "ठीक आहे, करुणा. बिंदू आलेखात ठेवू. एकतीस राहील. खाली एक टीप राहील, की या नमुन्याची नळी सदोष असल्याची शंका आहे. वाचणारा काय ते ठरवेल. आहे मान्य?"

एकतीस राहणार होता. जगाला दिसणार होता. टीप कोण वाचतो. आकडा खरा होता, तो आपलं आपण सांगणार होता.

"मान्य," मी म्हणाले.

"म्हणजे दोष अहवाल आहे तसा राहतो," पारसनीस बाई म्हणाल्या. त्या क्षणभर थांबल्या. माझ्याकडे बघून थांबल्या. मी कागद गोळा करत होते. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "तर मग मुलाणींना आत बोलवायचं कारण नाही."

मी बाहेर आले तेव्हा यासीनभाई बाकावरून उठून उभे राहिले. माझा चेहरा लाल झाला असणार. त्यांनी कपाळाशी हात नेऊन मला सलाम केला. मी हसले आणि जिन्याकडे गेले. सहलेखकांना लगेच कळवायचं होतं.

मे महिन्यात कार्यशाळेला कुलूप लागलं. यासीनभाईंना भांडारात पाठवलं, तिथे त्यांनी सात-आठ महिने काढले आणि मुदतीआधीच निवृत्ती घेतली. निरोपाला मी नव्हते. प्रबंधाची तोंडी परीक्षा त्याच आठवड्यात होती. आमच्या नळ्या आता मुंबईहून कुठूनशा येऊ लागल्या होत्या. त्यांतल्या दोन फुटल्या, सुदैवाने खोलीत कोणी नव्हतं. मी सरांवर चिडत राहिले. निबंध छापून आला तरी चिडत राहिले, कारण व्याख्यानांत ते एकतीसबद्दल अवाक्षर काढत नसत. पुढे दोन ठिकाणच्या दुसऱ्या गटांनी त्याच पदार्थावर मोजमापं केली आणि त्यांनाही तीच उडी दिसली. आमच्या निबंधाचा उल्लेख होऊ लागला, तोही त्या एका बिंदूसाठी. मला अमरावतीत नोकरी मिळाली. मुलाखतीत विचारलं की तुमच्या कामातली सर्वांत मोठी गोष्ट कोणती. मी एकतीसची हकिगत सांगितली, मार्गदर्शकाशी भांडून सत्य टिकवल्याची. ती मी त्यानंतर बऱ्याच ठिकाणी सांगितली. लोकांना आवडायची.

गेल्या वर्षी एम.एस्सी.च्या वर्गाला मी तो निबंध वाचायला दिला. सुप्रिया झाडे नावाची एक मुलगी आहे, पुढच्या बाकावर बसते, कमी बोलते. तिने हात वर केला. म्हणाली, मॅडम, टिपेत लिहिलंय की नळी सदोष होती. मग हा बिंदू बरोबर कसा आला?

"नळी सदोष नव्हती," मी म्हणाले.

"मग तसं का लिहिलंय?"

वर्गात चाळीस मुलं होती. मी फळ्याकडे वळले आणि काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं ते आठवत नाही. तास संपल्यावर खोलीत येऊन दार लावून घेतलं आणि तो गुरुवार पहिल्यापासून आठवला. समितीपुढे मी काय काय बोलले ते सगळं एका कागदावर उतरवलं. पान भरलं. त्यात स्फटिक होता, फॉस्फरस होता, न्यूट्रॉन होते, सर होते, मी होते. 'नळी' हा शब्द नव्हता. 'मुलाणी' नव्हता. ज्या एका गोष्टीसाठी समितीने मला बोलावलं होतं, ती सोडून मी सगळं बोलले होते.

नियतकालिकाला दुरुस्ती पाठवली. सर आता निवृत्त आहेत, त्यांची संमती मागितली तर एका ओळीचं उत्तर आलं, तुला योग्य वाटेल ते कर. सात महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. ती घेऊन मी लोणंदला गेले. पत्ता संस्थेच्या जुन्या कारकुनाकडून मिळवला होता.

यासीनभाईंचं घर बाजारपेठेच्या मागे आहे. सुनेने दार उघडलं, रुबीना तिचं नाव. ते मागच्या अंगणात खाटेवर बसले होते. थकले होते, पण मला लगेच ओळखलं. "या मॅडम," म्हणाले. रुबीनाने खुर्ची आणून ठेवली. त्यांनी माझ्या प्रवासाची, आईची चौकशी केली. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ नेला, मग मला परत दिला.

"मराठीत वाचा."

मी वाचलं. "एकतीस क्रमांकाच्या नमुन्याची नळी श्री. यासीन मुलाणी यांनी बनवली होती. तिच्यात कोणताही दोष नव्हता. मूळ निबंधातली टीप चुकीची होती."

"परत एकदा."

मी परत वाचलं.

"हे छापलं कधी?"

"गेल्या महिन्यात."

"अन् तुम्हाला माहीत कधीपासून होतं?"

"पहिल्यापासून."

त्यांनी मान हलवली. खाटेखालून चपला ओढून पायांत घातल्या, जणू उठणार आहेत, पण उठले नाहीत.

"त्या दिवशी मी बाहेर बाकड्यावर होतो," ते म्हणाले. "दार लावलेलं होतं. पण तुमचा आवाज येत होता. इंग्रजीत चाललं होतं, मला कळत नव्हतं. पण राग कळतो, मॅडम. राग कुठल्याबी भाषेत कळतो. मी मनात म्हटलं, बघ यासीन, कोणाची कोण ही पोरगी, तुझ्यासाठी आपल्या साहेबाशी भांडतीय. आपलं शिक्षण पणाला लावतीय. मी तिथं बसून रडलो. घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं नमाजाला बसल्यावर तुमचं नाव घेऊन दुवा मागितली. त्या महिन्यात रोज मागायची."

मी खाली बघितलं.

"मग नोटीस आली. सोबत त्या बैठकीचा कागद होता. पोराकडनं वाचून घेतला. त्यात एक ओळ होती, विद्यार्थिनीनं अहवालाला हरकत घेतली नाही." ते थांबले. "पोराला म्हटलं, परत वाच, तू चुकीचं वाचलंस. त्यानं परत वाचलं. मी म्हटलं, आईला सांगू नको. ती जाईपर्यंत तिला सांगितलं नाही. ती तुमच्यासाठी दुवा मागतच राहिली."

आत रुबीनाच्या बांगड्यांचा आवाज झाला आणि थांबला. ती दाराआड उभी होती.

"यासीनभाई, मला माफ करा," मी म्हणाले. गाडीत बसल्यापासून ते वाक्य तयार होतं. बोलल्यावर ते फार लहान वाटलं.

"माफीचं नंतर बघू," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. पण त्यांचे हात, ज्यांना मी कधी थरथरताना पाहिलं नव्हतं, गुडघ्यांवर घट्ट दाबलेले होते. "आधी एक सांगा. तुमचा तो ठिपका राहिला का?"

"राहिला."

"मोठा झाला म्हणतात."

"हो."

"अन् तुम्हीबी."

मी दुरुस्तीचा कागद खाटेच्या कडेवर ठेवला आणि पर्स उचलली. आता निघावं, या माणसाला आणखी त्रास देऊ नये, असं मी स्वतःला सांगत होते. खरं तर मला तिथून पळायचं होतं. मी खुर्चीतून अर्धी उठले.

"बसा," यासीनभाई म्हणाले. "त्या खोलीत मला कुणी बोलावलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून दीड तास बसलो होतो, घरी गेलो. दहा वर्षं झाली. तुमचं बोलून झालं. माझं व्हायचंय अजून."

मी बसले. पर्स खाली ठेवली.

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. सुनेला हाक मारून म्हणाले की बाईंना पाणी दे, त्यांना वेळ लागणार आहे. मग माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "भांडारात पहिल्या दिवशी मला कुठं बसवलं होतं, माहीत आहे?"

"नाही," मी म्हणाले.

"मग ऐका."